दोषाचा वाद आणि जखमीचा हक्क

मुंबई-अहमदाबाद महामार्ग दहिसर ओलांडून मीरा-भाईंदरच्या हद्दीत शिरतो, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना महाजनवाडी, पेणकरपाडा, माशाचा पाडा, काशी अशा वस्त्या लागतात. मिठागरे, उत्तनची मासेमारी आणि भाईंदरचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने यांच्या आधाराने वाढलेले हे गाव १९८५ साली नगरपालिका झाले, २००२ साली महानगरपालिका झाले, आणि २०११च्या जनगणनेत त्याची वस्ती आठ लाखांवर गेली. मुंबईत ज्यांना घर परवडत नाही अशा नोकरदारांनी आणि मुंबईची घरे बांधणाऱ्या मजुरांनी हे शहर भरले आहे. त्यांच्यापैकी हजारोंना कामावर, शाळेत किंवा दवाखान्यात जाण्यासाठी हा महामार्ग ओलांडावा लागतो. आणि त्याच महामार्गावरून गुजरातेकडे जाणाऱ्या व तिकडून येणाऱ्या भारी मोटारी धावत असतात. घोडबंदरपासून पालघर जिल्ह्यातील दापचरीपर्यंतच्या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात २०२२ साली सप्टेंबरपर्यंत २६२ अपघात झाले, किमान ६२ माणसे मेली आणि १९२ जखमी झाली, असा महामार्ग पोलिसांचा हिशोब त्या वर्षी प्रसिद्ध झाला होता.

तो प्रसिद्ध झाला याचे कारण मात्र हे ६२ मृत नव्हते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. मागच्या आसनावरील दोघे, म्हणजे मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी, जागीच गेले. पुढच्या आसनावरील दांपत्य गंभीर जखमी झाले. त्यानंतर वृत्तपत्रांना या रस्त्याची आठवण झाली, आणि कोणत्या वळणावर किती माणसे मेली याची मोजदाद छापून आली. उद्योगपतीच्या मृत्यूमुळे का होईना रस्त्याकडे लक्ष गेले, याबद्दल खंत मानण्याचे कारण नाही. पण त्या अपघातानंतर जो वाद चालला तो नीट पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या समाजात अपघाताची चर्चा कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे त्यातून स्वच्छ दिसते.

दोष कोणाचा? पहिले उत्तर आले की मागच्या आसनावर बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी दोन दिवसांत मागच्या प्रवाशांनाही दंड करण्याची घोषणा केली. वास्तविक हा नियम पूर्वीपासूनच पुस्तकात होता. दुसरे उत्तर मोटार चालवणाऱ्या डॉक्टर बाईंकडे बोट दाखवणारे होते. नोव्हेंबरमध्ये कासा पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. मोटार बनवणाऱ्या कंपनीने आपला अहवाल दिला की आदळण्याच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला होता, वेग १०० वरून ८९ पर्यंत उतरला होता. तिसरे उत्तर पुलाने स्वतःच दिले होते. तेथे तीन मार्गिकांचा रस्ता एकाएकी दोन मार्गिकांचा होतो आणि कठडा धावत्या वाहनाच्या वाटेत पुढे येतो. शेजारी बसलेल्या पतीने बरे होऊन पोलिसांना जबाब दिला तोही हाच, की रस्ता अरुंद झाला आणि मोटार आतल्या मार्गिकेत घेता आली नाही. तपासणीसाठी आलेल्या तज्ज्ञांनीही पुलाच्या रचनेत दोष असल्याचे नोंदवले.

यांपैकी कोणते उत्तर किती खरे हे न्यायालयाने ठरवायचे आहे. येथे मुद्दा दुसराच आहे. हा वाद चालू असताना जखमी दांपत्याच्या उपचारांवर त्याची सावली पडली नाही. त्यांना आधी वापीला आणि तेथून मुंबईच्या मोठ्या खाजगी रुग्णालयात नेण्यात आले. डॉक्टर बाईंच्या कमरेचे हाड मोडले होते. त्या १०८ दिवसांनी रुग्णालयातून घरी गेल्या. गुन्हा नोंदला गेला तेव्हा त्या अंथरुणावरच होत्या. म्हणजे त्यांच्यावर दोषाचा आरोप होता आणि त्याच वेळी त्यांचे हाड जुळत होते. एकासाठी दुसरे थांबले नाही. हे योग्यच झाले. त्यांच्या उपचारांबद्दल कोणी मत्सर करू नये. मोडलेले हाड जुळायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस माणसाला मिळाले पाहिजेत, मग तो मोटार चालवणारा असो वा मोटारीखाली आलेला. विचारायचे आहे ते एवढेच की त्या वर्षीच्या पोलिसी हिशोबातील उरलेल्या जखमींपैकी किती जणांना १०८ दिवस मिळाले? रस्ता ओलांडणारा बिगारी, दुचाकीवरचा सामान पोहोचवणारा पोरगा, नाक्यावर कामासाठी उभा असलेला गवंडी यांच्या बाबतीत दोषाचा वाद आणि हाडाचे जुळणे या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींना बांधून टाकल्या आहेत. दोष सिद्ध होईल तेव्हा भरपाई, आणि भरपाई मिळेल तेव्हा उपचारासाठी काढलेल्या कर्जाची फेड, असा तो क्रम आहे.

दोष सिद्ध होणे किती कठीण, हे पुण्याने १९ मे २०२४ रोजी साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. कल्याणीनगरात पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे बनावटीच्या वेगवान मोटारीने एका मोटारसायकलला उडवले, आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, ठार झाले. मोटार चालवणारा मुलगा बांधकाम व्यावसायिकाचा, वय अठराच्या आत. या मोटारीची कायम नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते! कोट्यवधीची मोटार घेणाऱ्याला दोन हजारांच्या आतील सरकारी देणे द्यावेसे वाटत नाही, यात गरिबीचा प्रश्न नव्हता. कायदा आपल्यासाठी नाही ही जी एक समजूत असते तिचा तो आकडा होता. बाल न्याय मंडळाने पंधरा तासांत जामीन दिला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. पुढे पोलिसांनी जे आरोप ठेवले ते असे की ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला, त्यासाठी पैसे दिले गेले, आणि मोटार आपणच चालवत होतो असे सांगण्यासाठी घरच्या पगारी चालकाला डांबून दबाव आणला गेला. या आरोपांचा निकाल न्यायालये देतील. पण एका रात्रीत दोष हलवण्याची यंत्रणा किती ठिकाणी हात घालू शकते, याची कल्पना एरवी सामान्य माणसाला कधी आली असती?

या प्रकरणात जनतेचा संताप उसळला तो न्याय्य होता. पण संतापाने काही वेडीवाकडी वळणेही घेतली, आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी ती तपासून घेतली पाहिजेत. पबवर बुलडोझर चालवणे हा न्याय नव्हे. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवा ही मागणी जोरात झाली. पोलिसांनी तसा अर्ज केला आणि बाल न्याय मंडळाने तो जुलै २०२५ मध्ये फेटाळला. अनेकांना हा पैशाचा विजय वाटला. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेले तत्त्व असे आहे की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली नाही, त्यासाठी अल्पवयीनाला प्रौढांच्या न्यायालयात नेता येत नाही. आणि हे तत्त्व दिल्लीतील एका श्रीमंत मुलाच्या मर्सिडीजच्या अपघातातूनच ठरले. बाल न्याय कायद्याचा आधार गरीब मुलांनाही लागतो, किंबहुना त्यांनाच अधिक लागतो. बांधकाम व्यावसायिकाच्या मुलाला धडा शिकवण्यासाठी हा कायदा मोडायला जो निघेल, तो उद्या झोपडपट्टीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला प्रौढांच्या तुरुंगात पाठवणाऱ्यांच्या हाती हत्यार देईल. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने केलेलीच आहे. आग्रह तेथे धरला पाहिजे.

पगारी चालकाचा विषय मात्र असा घाईने सोडून देता येणार नाही. पुण्यात हा आरोप झाला आणि दोन महिन्यांच्या आत वरळीत पुन्हा झाला. ७ जुलै २०२४च्या पहाटे वरळी कोळीवाड्यातील मासळी विकणारे एक जोडपे ससून डॉकवरून दुचाकीने परतत असताना बीएमडब्ल्यूने त्यांना धडक दिली. नवरा बाजूला पडून वाचला. बायको मोटारीखाली फरफटत गेली आणि मेली. आरोपी पालघरच्या सत्ताधारी पक्षातील एका पुढाऱ्याचा मुलगा. तो दोन दिवसांनी विरारकडे सापडला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे शेजारी बसलेल्या चालकाने अपघात आपल्या अंगावर घ्यावा असे त्याला सांगण्यात आले होते. वांद्र्याच्या अमेरिकन एक्सप्रेस बेकरीसमोर २८ सप्टेंबर २००२ रोजी सलमान खान यांची मोटार पदपथावर झोपलेल्यांवर चढली, त्यात एक मेला आणि चौघे जखमी झाले. तेथेही तेरा वर्षांनी, २०१५ साली, घरच्या चालकाने न्यायालयात येऊन मोटार आपण चालवत होतो असे सांगितले. सत्र न्यायालयाने ते मानले नाही व पाच वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात, आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही म्हणून अभिनेत्याला निर्दोष सोडले.

तो निकाल मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. मोटार कोणी चालवली हे ठरवण्यात तेरा वर्षे गेली, आणि त्या तेरा वर्षांत पदपथावर चिरडलेला पाय काही बदलला नाही. ज्याच्या हाती चक्र होते त्याचे नाव अमुक असले काय आणि तमुक असले काय, जखमी बेकरी कामगाराला कुबड्या तेवढ्याच लागतात. दुसरीकडे घरच्या चालकाचा विचार करा. बारा-चौदा तास मालकाच्या दारात उभा राहणारा हा कामगार ना कारखान्याच्या कायद्यात बसतो, ना त्याची संघटना असते. त्याने श्रम विकलेले असतात. प्रसंग पडला की निर्दोषपणाही विकावा अशी अपेक्षा त्याच्याकडून केली जाते. मीरा-भाईंदरच्या चाळींतून आणि इमारतींतून असे किती चालक रोज पहाटे मुंबईच्या उपनगरांत कामाला जातात! त्यांना संघटित करण्याचा विचार कामगार चळवळीने अजून गंभीरपणे केलेला नाही, हे नमूद करणे भाग आहे.

दोष सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही हे तत्त्व कामगारांच्या बाबतीत फार पूर्वी मोडले गेले. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले की कामावर असताना हात तुटला तर मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. यंत्रावर नफा मिळवणाऱ्याने यंत्राच्या जोखमीचाही भार उचलावा. इंग्लंडात हे १८९७ साली झाले होते. रस्त्यावरच्या यंत्राला मात्र हा न्याय लागू व्हायला फार उशीर झाला. १९७२ साली विधी आयोगाने पळून गेलेल्या वाहनांच्या बळींसाठी भरपाईची शिफारस केली. त्याच दशकात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व त्यांचे काही सहकारी निकालांमागून निकालांत सांगत राहिले की दोष सिद्ध करण्याचे ओझे गरीब दावेदाराच्या डोक्यावर ठेवणे अन्याय आहे. १९७९ साली हरियाणा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले होते ते कशासाठी? सरकारी बसखाली मेलेल्या माणसाच्या विधवेने आणि मुलीने कोर्ट फी न भरता दावा चालवू नये यासाठी! कृष्ण अय्यर यांनी त्या सरकारला चांगलेच फटकारले. अखेर १९८२ साली जुन्या मोटार वाहन कायद्यात दोषविरहित भरपाईचे कलम आले: मृत्यूसाठी १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी ७,५००. हे आकडे १९८८च्या कायद्याने २५,००० व १२,०००, आणि १९९४च्या दुरुस्तीने ५०,००० व २५,००० झाले.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत हे आकडे मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहेत. वाढ मोठी दिसते. पण तिच्या पोटात एक पेच आहे. ही रक्कम ज्याने स्वीकारली त्याचा न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. १९८२च्या कलमाची कल्पना अशी होती की आधी थोडे घ्या, म्हणजे घरात चूल पेटेल, आणि उरलेल्यासाठी दावा चालवा. ती कल्पना आता उलटी झाली. मांडीचे हाड मोडलेल्या हमालापुढे विमा कंपनी अडीच लाख ठेवते, तेव्हा त्याच्या उशाशी औषधवाल्याचे बिल असते. तो सही करील की तीन-चार वर्षे खटला लढवील? ज्याच्या घरात शिल्लक आहे तोच दोष सिद्ध होईपर्यंत वाट पाहू शकतो. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य दोघांनाही सारखेच दिले, आणि ते वापरण्याची ऐपत एकालाच आहे.

जो वाट पाहील त्याचीही मोजणी कशी होते ते पाहावे. भरपाई मिळकतीवरून ठरते. पगाराची चिठ्ठी ज्याच्यापाशी आहे त्याची मिळकत कागदावर असते. नाका कामगाराची, घरकाम करणाऱ्या बाईची, कोळणीची मिळकत अंदाजाने धरली जाते आणि तो अंदाज क्वचितच उदार असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या शक्तीची हानी या एकच नव्हेत. डावा हात गेला तर कारकून नोकरी करू शकतो, पण सुताराचा किंवा वाहनचालकाचा धंदाच बुडतो. हे तत्त्व प्रत्येक जखमी कामगाराच्या कामाचे आहे. पण न्यायाधिकरणापुढे ते मांडायला डॉक्टरची साक्ष लागते, चांगला वकील लागतो, आणि सर्वांत आधी आपला धंदा काय आहे हे दाखवणारा कागद लागतो.

आता उपचारांकडे वळावे. अपघातानंतरच्या पहिल्या तासात पैशाविना उपचार मिळावेत अशी योजना सरकारने करावी, हे २०१९च्या दुरुस्तीत लिहिले गेले. सरकार स्वस्थ बसले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी मार्चच्या मध्यापर्यंतची मुदत घालून दिली, तीही उलटली, न्यायालयाने अधिकाऱ्यांना जाब विचारला, आणि मग ५ मे २०२५ रोजी योजना जाहीर झाली. देशात रस्त्यावर २०२२ या एका वर्षी १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. आणि त्या देशात कायद्यातील एका कलमाची योजना व्हायला सहा वर्षे लागतात! योजनेचे स्वागतच केले पाहिजे. तीत दोषाचा प्रश्न विचारला जात नाही, हे तिचे मोठे वैशिष्ट्य आहे. पण तिची मर्यादा दीड लाख रुपये आणि सात दिवस.

सात दिवसांत काय होते? रक्तस्राव थांबतो, हाडात सळई घातली जाते, टाके सुकू लागतात. मांडीचे हाड जुळायला तीन ते सहा महिने लागतात. डोक्याला मार बसलेल्याला बोलणे आणि चालणे पुन्हा शिकावे लागते. मूत्रमार्गाची नळी, पाठीवरच्या जखमा, फिजिओथेरपी, दर पंधरवड्याला एक्स-रे, आणि या सर्वांसाठी रिक्षाचे भाडे, हा खरा खर्च आठव्या दिवशी सुरू होतो. घरातला कमावता पडला की त्याची शुश्रूषा करायला दुसरी कमावती, बहुधा बायको, काम सोडते. मग मुलीची शाळा सुटते. महामार्गावरच्या अपघाताचा जो पंचनामा पोलिस करतात त्यात या दुसऱ्या अपघाताची नोंद कधीच नसते. सूर्या नदीच्या पुलावर जखमी झालेल्या बाईंना १०८ दिवस लागले. त्यांच्याकडे उत्तमातले उत्तम डॉक्टर होते, तरीही लागले. सात दिवसांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. तो तिजोरीतून आला आहे.

हे असेच असायला हवे काय? न्यूझीलंडसारख्या लहान देशाने या प्रश्नाचे उत्तर १९७० च्या दशकातच दिले. तेथे १९६७ साली न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने शिफारस केली की अपघात कामावर झाला की रस्त्यावर, दोष कोणाचा, हे प्रश्न जखमीला विचारूच नयेत. १९७२ साली कायदा झाला, मजूर पक्षाच्या सरकारने १९७३ साली गृहिणींसह न कमावणाऱ्यांनाही त्यात घेतले, आणि एप्रिल १९७४ पासून तो अमलात आला. बरे होईपर्यंत उपचार आणि बुडालेल्या मिळकतीच्या ८० टक्के रक्कम मिळते. बदल्यात वैयक्तिक दुखापतीच्या भरपाईसाठी दावे लावण्याचा हक्क लोकांनी सोडला. पैसा मालकांकडून, वाहनांच्या नोंदणीतून, पेट्रोलवरील आकारातून येतो. अर्धशतक ही व्यवस्था चालली आहे, आणि तो देश काही बुडालेला नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल. दोष न विचारता भरपाई दिली तर बेदरकार श्रीमंताला रान मोकळे मिळणार नाही काय? मिळणार नाही, कारण शिक्षा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फौजदारी खटला चालूच राहील. उलट जखमीचा संसार त्यावर अवलंबून नसेल तर साक्षीदारालाही पैसे देऊन गप्प करणे अवघड होईल. आज समेटाचे पाकीट घेऊन येणाऱ्या माणसाचा जोर जखमीच्या गरजेतच असतो. विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग दोषी मालकाकडून वसूल करावेत हा मार्ग आपल्या न्यायालयांनाही परका नाही. ज्या मोटारीची किंमत एक कोट आहे आणि जी दोनशेच्या वेगाने धावण्यासाठी बनवली आहे, तिच्याकडून या निधीसाठी चढता आकार का घेऊ नये? एका पोर्शेच्या किमतीत किती जखमींचे सहा महिने निघतील हा हिशोब अर्थमंत्र्यांना अवघड नाही.

आणि दोषाचा शोध घ्यायचाच तर तो वरपर्यंत न्यावा. सदोष रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला व तो संभाळणाऱ्या यंत्रणेला २०१९च्या कायद्याने जबाबदार धरले आहे; कमाल दंड एक लाख रुपये. चारोटीच्या पुलासाठी, घोडबंदरच्या वळणासाठी, जेथे माणसे रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात तेथे पादचारी पूल नसल्याबद्दल, हा दंड कोणा अधिकाऱ्याला झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? पट्टा न लावणाऱ्या प्रवाशाला एक हजाराचा दंड चौकात उभा असलेला हवालदार करू शकतो. तीन मार्गिकांच्या दोन करणाऱ्याला दंड करायला कोणीच उभे नसते.

मीरा-भाईंदरच्या कार्यकर्त्यांपुढे यातून सरळ कामे उभी राहतात. भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला लोक टेंभा रुग्णालय म्हणतात, ते महामार्गापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. काशिमीऱ्याला महामार्गालगतच अस्थिशल्य आणि मेंदूशल्य यांची सोय असलेले सार्वजनिक अपघात रुग्णालय हवे, ही मागणी महापालिका आणि राज्य सरकार दोहोंकडे नेटाने लावून धरली पाहिजे. सात दिवसांची मर्यादा काढून हाड जुळेपर्यंत उपचार आणि तोवरच्या मजुरीचा भाग द्यावा, आणि अडीच लाख घेतल्याने पुढचा दावा संपू नये, या दोन मागण्या दिल्लीपर्यंत जाव्या लागतील.

पण तोपर्यंत आहे तो कायदा तरी जखमीच्या हाती पडला पाहिजे. नव्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही हे विचारायला जखमीकडून कोणी जात नाही. दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत कायद्याने पुन्हा घातली आहे, आणि सहा महिने म्हणजे बहुतेकांना कुबड्या टाकून उभे राहायला लागणारा काळ. वाहन पळून गेले असेल तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये सरकारी निधीतून मिळतात, त्यासाठी प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे अर्ज करायचा असतो; हे ठाऊक नसल्याने कित्येक घरे अर्जच करीत नाहीत. पेणकरपाड्यापासून काशीपर्यंतच्या वस्त्यांत जेथे कार्यकर्ते आहेत, तेथे त्यांनी महामार्गावरच्या प्रत्येक जखमीचे नाव, धंदा, रोजची मजुरी आणि घरचा पत्ता यांची वही ठेवावी, धंद्याचा पुरावा म्हणून मुकादमाचा किंवा शेजाऱ्यांचा लेखी जबाब तेव्हाच करून घ्यावा, आणि सरकारी योजनेचा सातवा दिवस संपला की आठव्या दिवशी त्या घरी जाऊन ठाण्याच्या न्यायाधिकरणाचे कागद भरायला बसावे.